प्रेसनोटमधली शेवटची ओळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अकोल्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं काढली. रोज संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास आमच्याकडे प्रेसनोटांचा लोंढा यायचा. आधी त्या हातानं लिहिलेल्या असत, मग टाइप केलेल्या, मग फॅक्सच्या गुळगुळीत कागदावर, मग ई-मेलनं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. साधन चार वेळा बदललं, मजकूर मात्र होता तसाच राहिला. वर ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’. त्याखाली अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, व्यासपीठावर आणखी कोण. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, संचालन, आभार. आणि तळाला ‘यशस्वितेसाठी’ परिश्रम घेणाऱ्यांची वीस-पंचवीस नावं. तुमच्यापैकी ज्यांनी एखाद्या मंडळाचं, शाळेचं किंवा बचत गटाचं प्रसिद्धीचं काम कधी केलं असेल, त्यांनी अशी एक तरी प्रेसनोट लिहिलेली असणार. मी त्या हजारोंनी कापल्या आहेत. त्यातली एक कापल्याचं मला अजून वाईट वाटतं, तिच्यापासून सुरुवात करतो.

नोट आली होती दर्यापूरकडच्या एका गावातून. हा सगळा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, तोंडात धरवत नाही. नोटेत गावच्या शाळेतल्या एका उद्घाटनाचा वृत्तांत होता. दोन पानं भरून. चौतीस नावं मी मोजली होती, कारण नावं मोजण्याची मला तेव्हा खोडच होती. त्या दिवशी पानावर जागा होती दहा-बारा ओळींची. मी वरच्या दहा ओळी ठेवल्या आणि खालचं सगळं उडवलं. बातमी लागली. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सगळे खूष.

दोन वर्षांनी काही कामानं त्या गावात जाणं झालं. शाळेच्या आवारात सिमेंटची मोठी टाकी दिसली. मास्तरांनी तिथलं पाणी पाजलं. गोडं होतं. छपरावर पडणारं पावसाचं पाणी गावकऱ्यांनी पन्हाळी लावून त्या टाकीत घेतलं होतं, सत्तर हजार लिटर. पैसे लोकवर्गणीचे, खोदकाम श्रमदानाचं. दीडशे पोरं आता उन्हाळ्यातसुद्धा शाळेतच पाणी पीत होती. मी म्हटलं, “सर, हे तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?” ते म्हणाले, “कळवलं होतं न, भाऊ. उद्घाटनाची नोट पाठवली होती. तुमच्याच पेपरात आली होती.”

घरी येऊन मी जुना अंक काढला. ती नोटही सुदैवानं फायलीत सापडली. दुसऱ्या पानाच्या तळाशी, आभाराच्या वर, एक ओळ होती: ‘या टाकीमुळे शाळेला बारमाही गोडे पाणी मिळणार असल्याचे मुख्याध्यापकांनी यावेळी सांगितले.’ ती ओळ मी वाचलीसुद्धा नव्हती.

आता दोष कोणाचा? अर्धा माझा, हे कबूल. पण उरलेला अर्धा समजून घ्यायला हवा, कारण आजचं बोलणं त्याच्यावरच आहे. डेस्कवरचा माणूस बातमी कापतो ती खालून. हा काही कोणाचा लहरीपणा नाही. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर, मग त्याहून कमी महत्त्वाचं, असं बातमी लिहिण्याचं वळण जगभर पडलेलं आहे. जागा कमी पडली की शेपूट कापायचं, डोकं शाबूत राहतं. आपल्या प्रेसनोटा मात्र कार्यक्रम ज्या क्रमानं झाला त्याच क्रमानं लिहिल्या जातात. म्हणजे दीपप्रज्वलन डोक्याला आणि पाणी शेपटीला. कात्री चालली की पाणी जातं आणि दिवा राहतो.

तीच बातमी अशी लिहिली असती तर? ‘खारपाणपट्ट्यातील अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेतील दीडशे मुलांना यंदापासून उन्हाळ्यातही शाळेतच गोडे पाणी मिळणार आहे. छपरावरील पावसाचे पाणी साठवण्यासाठी गावकऱ्यांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून सत्तर हजार लिटरची टाकी बांधली आहे.’ दोन वाक्यं झाली. पुढच्या वाक्यात खर्च किती आला आणि किती दिवस लागले. मग मुख्याध्यापकांचं किंवा एखाद्या पालकाचं एक वाक्य, ते बोलले तसंच. आणि मग, जागा उरली तर, उद्घाटन कोणी केलं. आता हीच बातमी अकोटचा वाचक वाचेल, मूर्तिजापूरचा वाचेल, कारण त्यांच्याकडेही पाणी खारंच आहे. कोणी तरी मास्तरांना फोन करून विचारेल, टाकी कशी बांधली हो? वर्तमानपत्राला बातमी हवी असते ती या, दुसऱ्या गावच्या माणसासाठी. तुमच्या गावच्या माणसाला टाकी दिसतेच आहे.

यावर प्रसिद्धिप्रमुखाचं उत्तर मला पाठ आहे. “नावं तेवढी कापू नोका बरं, भाऊ. गावात राहा लागते आमाले.” खरं आहे ते. ज्यानं खुर्च्या लावल्या, त्याचं नाव पेपरात आलं नाही तर पुढच्या वर्षी तो खुर्च्या लावणार नाही. मी लोकांना सांगायचो की यावर उपाय सोपा आहे. नावांची यादी वेगळ्या कागदावर जोडा आणि बातमीत तीनच नावं घाला. यादी छापून येईलच असं नाही, पण बातमी मरणार नाही. काहींनी ऐकलं. बहुतेकांनी यादीच पाठवली, बातमी जोडायची राहून गेली.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे येतो. आपल्या भागातून बातमी बाहेर कशी जाते आणि कशी जात नाही, याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे शेतकरी आत्महत्यांचं. २००१ पासूनची नोंद अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात आहे. म्हणजे घटना घडत होत्या, कागदावर येत होत्या, आणि आमच्यासारख्या जिल्ह्याच्या पेपरांत आतल्या पानावर चार ओळीही लागत होत्या. ‘कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या’, एक परिच्छेद, संपलं. मुंबई-दिल्लीच्या लेखी हे सगळं फार दूर होतं. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. २००६ मध्ये मुंबईत एक मोठा फॅशन सप्ताह झाला. तिथं अधिस्वीकृती घेऊन ५१२ पत्रकार हजर होते. त्या सप्ताहाचा विषय होता सुती कपडा. आणि तो कापूस पिकवणारे शेतकरी विमानानं तासाभराच्या अंतरावर विदर्भात जीव देत होते. त्यांची बातमी करायला बाहेरून आलेले पत्रकार बोटावर मोजण्याइतके.

या दिवसांत पांढरकवड्याचे किशोर तिवारी आणि त्यांची विदर्भ जनआंदोलन समिती यांनी एक काम चिकाटीनं केलं. आत्महत्यांची माहिती गोळा करून ते ती पत्रकारांना पाठवत राहिले. नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि त्या वर्षातला आकडा कुठवर आला ते. ई-मेल आपल्याकडे नुकताच रुळत होता, सायबर कॅफेत जाऊन मेल पाहायचे दिवस होते ते. आमच्या डेस्कवर ते पत्रक आलं की कोणी तरी म्हणायचं, “आलं पाहा आजचं.” खरं सांगतो, कधी कधी आम्ही कंटाळायचो. पण त्या पत्रकाचं बळ काय होतं ते मला पुढे कळलं. दिल्लीहून किंवा परदेशातून एखादा पत्रकार विदर्भात यायचं ठरवी, तेव्हा त्याला ‘शेतकरी संकटात आहेत’ हे वाक्य कामाचं नसे. ते तर कोणीही सांगतं. त्याच्या हाती गावाचं नाव लागे. तो नागपूरला उतरून गाडी करून थेट त्या गावात जाऊ शके. घर विचारू शके. तलाठ्याकडे, तहसीलमध्ये ताडून पाहू शके. सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं विदर्भातल्या आत्महत्यांवर मोठं वृत्त छापलं. त्याआधी, ३० जून आणि १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं.

हे सगळं पत्रकांमुळे झालं असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आंदोलनं होती, न्यायालयातली प्रकरणं होती, साईनाथ यांच्यासारख्यांनी गावोगाव फिरून केलेलं काम होतं, इथल्या जिल्हा वार्ताहरांची पायपीट होती. पॅकेजचा पैसा शेतापर्यंत किती पोचला, हा तर आणखी वेगळा विषय. पण बातमी द्यायची कशी, एवढंच पाहायचं तर त्या पत्रकांकडून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मजकूर थोडा होता. तो जाऊन तपासता येत होता. आणि तो सतत येत होता. एकदा पाठवलं, लागलं नाही, म्हणून रुसून बसले, असं झालं नाही.

तपासता येण्यावरून एक सांगायला हवं. समितीचा आकडा आणि सरकारचा आकडा कधी जुळत नसे. त्याचं एक कारण असं की सरकार आत्महत्यांची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी विभागणी करतं. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा या कारणांत प्रकरण बसलं तर ते पात्र, आणि मग कुटुंबाला एक लाखाची मदत. सातबारा मुलाच्या नावावर नसून बापाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचं नसून सावकाराचं आहे, अशा मुद्द्यांवर प्रकरणं अडत. आता पत्रकारानं कोणता आकडा छापायचा? ज्या वार्ताहराला हा फरक ठाऊक होता, तो दोन्ही आकडे छापी आणि फरक का आहे ते एका ओळीत सांगे. ज्याला ठाऊक नव्हता, तो दुसऱ्या दिवशी अडचणीत येई. म्हणून बातमी देणाऱ्यानं विरुद्ध बाजूचा आकडाही स्वतःहून सांगावा, या मताचा मी आहे. तुम्ही नाही सांगितला तर तो दुसरं कोणी तरी सांगणारच आहे, आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास राहत नाही.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. गावाचं आणि घराचं नाव दिलं की कॅमेरे त्या घरी जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचं उदाहरण सगळ्या देशाला माहीत आहे. जुलै २००८ मध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेत त्यांचा उल्लेख केला आणि त्यांच्या अंगणात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. त्यांना पुढे मदतही मिळाली, पण ज्या बाईचा नवरा गेला आहे, घरात पोरी आहेत, तिनं दिवसातून किती वेळा तीच गोष्ट सांगायची? आणि कलावतीबाईंचं नाव तरी झालं. बाकीच्या घरी लोक आले, फोटो काढले, निघून गेले. माझ्या ओळखीच्या एका वार्ताहराला एका माउलीनं विचारलं होतं, “तुम्ही लेहून नेता बाप्पा, मंग काय होते त्याचं?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

कोणाचं दुःख बातमी म्हणून पुढे करायचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. नाव छापलं तर चालेल का, फोटो चालेल का, पोरांचा चेहरा दिसला तर चालेल का. आणि ‘हो’ म्हणाल्यावरही, ‘पेपरात आल्यानं मदत मिळेलच असं नाही’ हे स्पष्ट सांगा. प्रसिद्धीचं काम करणारे हे सांगत नाहीत. आम्ही पत्रकारही सांगत नाही. आत्महत्येच्या बातमीबद्दल तर भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाच दिल्या आहेत. पद्धतीचं वर्णन करू नये, ठळक आणि भडक मथळा देऊ नये वगैरे. पत्रक काढणाऱ्या संस्थांनीही त्या वाचायला हरकत नाही.

पत्रकारांना बोलावून दाखवण्याचा हा प्रकार तसा जुना आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्या काळी रेल्वे कंपन्यांची रीत अशी, की अपघात झाला की तोंड मिटून बसायचं. या कंपनीचा सल्लागार होता आयव्ही ली, मूळचा वार्ताहरच. त्यानं काय झालं त्याचं निवेदन लिहून वर्तमानपत्रांना दिलं आणि वार्ताहरांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. पहिली प्रेसनोट म्हणून पुष्कळदा त्याच निवेदनाचा दाखला देतात. अपघात लपत नाही हे ओळखून त्यानं दार उघडलं. हाच माणूस पुढे बड्या भांडवलदारांची बाजू मांडण्यात गुंतला आणि बदनामही झाला, ते असो.

आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी असते, ती मला याच जातीची वाटते. शेतकऱ्यांना बोलावायचं आणि उभं पीक दाखवायचं. वाणाचं कौतुक करणारी दोन पानांची नोट एकीकडे आणि शेतात उभं राहून बोंडं मोजणारा शेतकरी एकीकडे. वार्ताहर त्या शेतकऱ्याशी बोलतो. तुमच्याकडे दाखवण्यासारखं काही असेल तर नोट लिहिण्याआधी वार्ताहराला फोन करून “येऊन पाहून जा” म्हणा. दहातले दोन येतील. ते दोघं जे लिहितील ते तुमच्या नोटेपेक्षा चांगलं असेल.

दाखवण्यासारखं नसताना दाखवलं की काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच भागात आहे. मेळघाटात धारणी तालुक्यात हरिसाल गाव आहे. २०१६ मध्ये एका जगप्रसिद्ध संगणक कंपनीच्या साथीनं ते ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आलं. बातम्या झाल्या, सरकारी जाहिराती झाल्या. एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभेच्या प्रचारात, राज ठाकरे यांनी त्या गावाचं चित्रीकरण सभेत पडद्यावर दाखवलं आणि जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच व्यासपीठावर उभं केलं. सरकारनं आणि सत्ताधारी पक्षानं आपली बाजू मांडली, गावात काय काय झालं ते सांगितलं. त्यातलं काही खरंही असेल. पण तोवर ‘हरिसाल’ हा शब्द राज्यभर वेगळ्याच अर्थानं वापरला जाऊ लागला होता. जाहिरातीत जेवढं काम झालं तेवढंच सांगितलं असतं, तर त्या गावाच्या नावाला हा डाग लागला नसता. हरिसालच्या लोकांचा यात काय गुन्हा होता?

आता थोडं व्यवहाराचं बोलू. बातमी कोणाला द्यायची? लोक थेट संपादकांना भेटतात, हार-नारळ घेऊन. संपादक चहा पाजतात आणि नोट डेस्कवर टाकतात, म्हणजे ती पुन्हा ढिगातच येते. खरा माणूस तुमच्या तालुक्याचा वार्ताहर. त्याला ओळखा. त्याला मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं असतं की कित्येकदा पेट्रोलही निघत नाही. कोणाचं झेरॉक्सचं दुकान आहे, कोणाची पेपरची एजन्सी, कोणी घरची शेती पाहतो. शिवाय १५ ऑगस्टच्या आणि दिवाळीच्या पुरवणीला जाहिराती आणण्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर. त्याला ओलांडून तुम्ही अकोल्याला किंवा अमरावतीला नोट पाठवली, तर डेस्क ती खरी आहे का हे त्यालाच विचारतं आणि तो म्हणतो, “मले काही माहीत नाही.” झालं. त्यापेक्षा आधी त्याला सांगा. मोठ्या गावात शिक्षण, कृषी, आरोग्य, महापालिका असे विषय वाटलेले असतात. टाकीची बातमी गुन्हे पाहणाऱ्याला देऊन उपयोग नाही.

वेळ कोणती? तालुक्याची पानं लवकर सुटतात, कारण गाड्यांना धारणी-चिखलदऱ्यापर्यंत पोचायचं असतं. रात्री आठला आलेली नोट दुसऱ्या दिवशीची नसते, तिसऱ्या दिवशीची असते. दुपारी दोन-अडीचच्या आत द्या. एक गुपित सांगतो. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात, बातम्या कमी येतात आणि सोमवारचं पान भरता भरता डेस्कचा जीव जातो. रविवारी दुपारी आलेली साधी बातमीसुद्धा आम्ही हसून घ्यायचो. उलट १५ ऑगस्टचं पाहा. त्या दिवशी वर्तमानपत्राच्या कार्यालयाला सुटी, म्हणून १६ तारखेला बहुतेकांचा अंकच नसतो. १७ च्या अंकासाठी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या ध्वजारोहणाची नोट येऊन पडलेली असते. त्या ढिगात तुमची शाळा कशी दिसणार? आणि शेतीची बातमी असेल तर पंचांगापेक्षा हंगाम पाहा. बीजप्रक्रियेची बातमी मृगाच्या आधी हवी. पेरणी उलटल्यावर ती कोणी वाचत नाही.

पाठवायची कशी? आमच्या काळात फॉन्टची भानगड होती. तुमच्याकडे श्रीलिपी, आमच्याकडे कृतिदेव, आणि फाइल उघडली की पडद्यावर नुसत्या आकड्या-काड्या. आता युनिकोड आलं, ती कटकट संपली. पण लोक अजूनही लेटरहेडवर छापलेल्या नोटेचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात. तो सगळा मजकूर कोणाला तरी पुन्हा टाइप करावा लागतो. साठ मेसेजांत एक मजकूर तयार आहे आणि एकाचा फोटो आहे, तर कोणता आधी लागेल हे तुम्हीच सांगा. मजकूर थेट मेसेजमध्ये टाका. फोटो वेगळा, मूळ आकारातला. फोटोत दीपप्रज्वलन नको, टाकी हवी, पाणी पिणारी पोरं हवीत. फोटोखाली डावीकडून कोण आहे ते लिहा, आणि शेवटी एका अशा माणसाचा मोबाइल नंबर द्या जो फोन उचलेल आणि ज्याला विषय ठाऊक असेल. अध्यक्षांचा नंबर देतात आणि अध्यक्ष म्हणतात, “मले इचारून सांगा लागीन.”

सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच वेळी नोट टाकण्याची आता पद्धत आहे. कार्यक्रमाच्या सूचनेसाठी ते ठीक. पण खरोखर चांगली गोष्ट असेल तर ती समजू शकेल अशा एका वार्ताहराला फोन करून सांगा. “ही तुम्हालाच देतोय” असं म्हटलं तर मग ते खरंच असू द्या. दुसऱ्या दिवशी तीच बातमी चार पेपरांत दिसली, तर तो तुमचा फोन पुन्हा उचलणार नाही.

पत्रकार परिषदेची हौसही पुष्कळांना असते. पत्रकार भवनात जागा घ्यायची, नाश्ता सांगायचा आणि नोटेत लिहिलेलंच वाचून दाखवायचं. माझं मत विचाराल तर, जिथं पत्रकारांनी प्रश्न विचारावेत असं काही आहे तिथंच ती घ्यावी. आणि पाकिटाचं काय, असं कोणी तरी मनात म्हणत असेलच. ती प्रथा आहे, नाही म्हणणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत बातमीच्या रूपात जाहिराती छापल्या गेल्या, तो ‘पेड न्यूज’चा विषय देशभर गाजला, प्रेस कौन्सिलपर्यंत गेला. पण छोट्या संस्थेसाठी मी नीतीचं सोडून हिशेबाचंच सांगतो. पाकीट देऊन लागलेली बातमी एक दिवस लागते. पुढच्या वेळी पुन्हा पाकीट लागतं. आणि तुमच्यावर काही किटाळ आलं, तर तुमच्या बाजूनं चार ओळी छापायलाही तेच मागतील.

बातमी नाहीच लागली तर? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा. “भाऊ, काऊन नाही लावली आमची बातमी?” हा प्रश्न कधी विचारू नका. त्याला खरं उत्तर नसतं. बहुधा जागा नव्हती, किंवा कोणी तरी मोठा माणूस गेला होता, किंवा माझ्यासारख्या कोणी ती वाचलीच नव्हती. आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि काही नवं घडलं की पुन्हा लिहा. टाकीचं उद्घाटन लागलं नाही? मे महिन्यात लिहा, की तालुक्यात टँकर सुरू झाले आहेत आणि या शाळेच्या टाकीत अजून इतकं पाणी शिल्लक आहे.

त्या मास्तरांना मी हेच सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा कागद आला. पाच ओळी होत्या, पाण्याची पातळी फुटांत लिहिलेली होती आणि एकाही पाहुण्याचं नाव नव्हतं. मी तो जसाच्या तसा लावला. मथळा तेवढा माझा.